प्रिंटर काढून पुन्हा टाकला की चालतो, चार दिवसांनी परत ‘ऑफलाइन’: विंडोज, मॅक आणि लिनक्स एकत्र असलेल्या ऑफिसातलं नेहमीचं दुखणं

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या अडत पेढीचं ऑफिस डोळ्यापुढे आणा. काउंटरवर टॅलीचा विंडोज कॉम्प्युटर, त्याला यूएसबीने जोडलेला डॉट मॅट्रिक्स, त्यावर शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या निघतात. आत मालकांचा विंडोज ११ चा लॅपटॉप, मुलाचा मॅकबुक आणि ई-वे बिलापुरता ठेवलेला, लिनक्सचं उबुंटू टाकलेला एक जुना कॉम्प्युटर. कोपऱ्यात सगळ्यांसाठी मिळून एक वाय-फायवाला लेसर. हळदीचे सौदे संपून कागद काढायची घाई सुरू झाली की हाक येते, “मालक, प्रिंटर परत ऑफलाइन दाखवतोय.” कोणीतरी येतं, यादीतून प्रिंटर काढतं, पुन्हा टाकतं, प्रिंट निघते. चार दिवसांनी तेच. विश्रामबागेतल्या सीएच्या ऑफिसात किंवा मिरजेतल्या दवाखान्यात यंत्रं वेगळी असतील, दुखणं हेच.

काढून पुन्हा टाकला की चालतो, यातच उत्तर आहे. प्रिंटर बिघडलेला नाही, ड्रायव्हरही बिघडलेला नाही. नव्याने टाकताना कॉम्प्युटर नेटवर्कवर पुन्हा शोध घेतो आणि प्रिंटर आज ज्या पत्त्यावर आहे तो पत्ता त्याला सापडतो. लाइट गेली, राउटर बंद होऊन चालू झाला, की राउटर पत्ते नव्याने वाटतो. काल १९२.१६८.१.७ वर असलेला प्रिंटर आज १९२.१६८.१.१२ वर जातो आणि ७ नंबर कोणाच्या तरी मोबाइलला मिळतो. कॉम्प्युटर मात्र ७ वरच कागद पाठवत बसतो. विंडोजच्या यादीत एकाच लेसरच्या नावापुढे ‘कॉपी १’, ‘कॉपी २’, ‘कॉपी ३’ असं दिसत असेल, तर तुमच्याकडे बहुतेक हेच चाललंय.

म्हणून पुढच्या वेळी ऑफलाइन दिसला की प्रिंटर काढू नका. आधी कुठे अडलंय ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

कुठे अडलंय?

प्रिंटरच्याच बटणांवरून त्याचं कॉन्फिगरेशन पान छापा. बहुतेक लेसरवर हे मेन्यूत ‘रिपोर्ट्स’खाली असतं, स्क्रीन नसेल तर एखादं बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. त्या पानावर आयपीव्ही४ चा पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून प्रिंटरला पत्ता मिळालेलाच नाही. मग कॉम्प्युटरवर काहीही करून उपयोग नाही. केबल, वाय-फायचा पासवर्ड किंवा राउटर बघा. चारही आकडे शून्य असतील तर प्रिंटर नेटवर्कवर नाहीच.

पत्ता नीट असेल तर त्याच वाय-फायवरच्या मोबाइलच्या ब्राउजरमध्ये तो टाका. प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं, टोनर किती उरलाय वगैरे दिसलं, की नेटवर्क ठीक आहे आणि दोष कॉम्प्युटरमधल्या नोंदीत आहे. पान उघडलं नाही तर दोष वाटेत आहे. या एका चाचणीत अर्धं काम होतं.

मग कॉम्प्युटरवरून पिंग करा, म्हणजे त्या पत्त्यावरून उत्तर येतं का ते विचारा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट, मॅक आणि लिनक्सवर टर्मिनल. तिन्हीकडे शब्द एकच, पिंग, आणि पुढे पत्ता. विंडोज चारदा विचारून थांबतो, बाकी दोघांना कंट्रोल आणि सी दाबून थांबवावं लागतं. इथे विंडोजवर एक हमखास फसगत होते. ‘रिप्लाय फ्रॉम’ असं दिसतं आणि खाली शून्य टक्के लॉस येतो, म्हणून माणूस म्हणतो पिंग चालू आहे. ओळ पूर्ण वाचा. ‘रिप्लाय फ्रॉम’पुढे तुमच्याच कॉम्प्युटरचा पत्ता आणि त्यापुढे ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असेल, तर प्रिंटरने काहीच उत्तर दिलेलं नाही. तो सापडत नाही हे तुमचाच कॉम्प्युटर तुम्हाला सांगतोय.

पत्ता एकदाच बांधा, तोही राउटरवर

पुष्कळजण प्रिंटरच्या मेन्यूत जाऊन पत्ता हाताने भरतात. चालतं, पण राउटरला ते माहीत नसतं. राउटर २ पासून २५४ पर्यंत सगळे नंबर वाटत असेल आणि तुम्ही प्रिंटरला ५० देऊन ठेवला, तर एक दिवस ५० नंबर पाहुण्याच्या मोबाइलला जाणार. मग प्रिंट कधी निघते, कधी निघत नाही, आणि असलं अधूनमधूनचं दुखणं शोधायला सगळ्यात अवघड. शंका असेल तर प्रिंटर बटणाने बंद करा, प्लगही काढा, आणि त्याच पत्त्याला पिंग करा. उत्तर आलं, तर त्या पत्त्यावर दुसरं कोणीतरी बसलंय.

राउटरच्या पानावर डीएचसीपीमध्ये, म्हणजे पत्ते वाटण्याच्या भागात, जाऊन वाटपाची हद्द १०० ते २०० अशी करा. मग ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे कॉन्फिगरेशन पानावरचा बारा अक्षरांचा नंबर (मॅक कॉम्प्युटरशी याचा संबंध नाही), टाकून त्याला १९२.१६८.१.५० द्या. काही राउटर हद्दीबाहेरचा नंबर राखून ठेवू देत नाहीत. तिथे हद्दीतलाच एक राखून ठेवा. आणि हे लक्षात असू द्या की एकाच प्रिंटरचा वाय-फायचा मॅक अ‍ॅड्रेस वेगळा आणि केबलचा वेगळा असतो. वाय-फायचा नोंदवून नंतर प्रिंटर केबलवर घेतला की आरक्षण लागू होत नाही.

जमेल तिथे लेसर केबलवरच घ्या. पुराच्या धास्तीने राउटर वरच्या मजल्यावर बसवला असेल आणि प्रिंटर खाली काउंटरजवळ असेल, तर मधल्या स्लॅबमधून येणाऱ्या वाय-फायवर भिस्त ठेवू नका. कॅट ६ ची केबल १०० मीटरपर्यंत चालते, पेढीत तेवढं अंतर नसतंच. वाय-फायच ठेवायचं असेल तर बरेच स्वस्त प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरवर ते बंद असेल किंवा सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ ठेवली असेल, तर ते जोडलेच जात नाहीत. मेन्यूतलं ‘ऑटो ऑफ’ही बंद करा, नाहीतर जेवणाच्या सुट्टीत प्रिंटर झोपतो तो उठतच नाही.

राउटर आणि स्विच यूपीएसवर ठेवा. लेसर ठेवू नका. त्याचा फ्यूजर, म्हणजे टोनर कागदावर वितळवणारा भाग, तापताना एकदम इतका करंट ओढतो की छोटा यूपीएस बसतो. लाइट आली की आधी राउटर पूर्ण चालू होऊ द्या, दोनेक मिनिटांनी प्रिंटर लावा. उलटं झालं की काही प्रिंटर १६९.२५४ वर अडकून राहतात.

इंटरनेटवाला नवा राउटर बसवून जातो तेव्हा आरक्षण पुसलं जातं आणि कधी कधी अख्खी रांगच बदलते, १९२.१६८.१ ची १९२.१६८.० होते. तो माणूस जायच्या आत नव्या राउटरचा पत्ता जुन्यासारखाच करून घ्या आणि आरक्षण पुन्हा नोंदवा, म्हणजे बाकी कुठेच हात लावायला नको.

दोन राउटर असतील तर

फायबरवाल्याने दिलेला डबा बाहेर, आणि आत रेंज येत नाही म्हणून घेतलेला दुसरा राउटर. दुसऱ्याच्या ‘वॅन’ भोकात केबल गेली की दोन वेगळी नेटवर्कं तयार होतात. आतला मॅक १९२.१६८.० वर, प्रिंटर १९२.१६८.१ वर. नेट दोन्हीकडे चालतं, म्हणून कोणाला संशयही येत नाही. आतून बाहेरच्या प्रिंटरला पिंग कदाचित लागेल, पण मॅक प्रिंटर शोधतो तो बोंजूर नावाच्या त्याच्या शोधपद्धतीने, आणि बोंजूरची हाक एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जात नाही. यादी रिकामी दिसते. प्रिंटर आत आणि कॉम्प्युटर बाहेर असेल तर पिंगही लागत नाही.

दुसऱ्या राउटरला १९२.१६८.१.२ हा पत्ता द्या, त्याचा डीएचसीपी बंद करा आणि केबल ‘वॅन’मधून काढून ‘लॅन’मध्ये लावा. मेन्यूत ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडला की हेच आपोआप होतं. मग केबल कुठे लावायची ते त्याच पानावर सांगितलेलं असतं. ‘एपी आयसोलेशन’ चालू नाही ना आणि कोणी गेस्ट वाय-फायवर नाही ना, हेही बघा. दोन्हीकडे नेट मिळतं पण शेजारचं यंत्र दिसत नाही.

विंडोज: डब्ल्यूएसडी पोर्ट काढा

प्रिंटरच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘पोर्ट्स’ टॅब उघडा. टिक लागलेल्या ओळीत नाव ‘डब्ल्यूएसडी’ने सुरू होत असेल, तर विंडोजने प्रिंटर स्वतः शोधून जोडलाय. पत्ता बदलला तरी तो सापडेल अशी ती सोय आहे, पण शोधाची ही हाक फायरवॉलमध्ये अडकली किंवा प्रिंटर झोपेत असला की लगेच ऑफलाइन. ‘अ‍ॅड पोर्ट’, ‘स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट’, ‘न्यू पोर्ट’, तिथे १९२.१६८.१.५०, आणि पुढे. प्रकार विचारला तर ‘जेनेरिक नेटवर्क कार्ड’. नंतर ‘कॉन्फिगर पोर्ट’ उघडून प्रोटोकॉल ‘रॉ’ आणि नंबर ९१०० आहे ना बघा, आणि खालची ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची टिक काढा. विंडोज प्रिंटरची तब्येत एसएनएमपीने विचारतो, आणि काही प्रिंटर त्याला उत्तर देत नाहीत. मग पिंग लागतो, पान उघडतं, पण विंडोज ऑफलाइनच म्हणतो. टिक काढली की तेवढ्यावर सुटतं.

त्याच फेरीत ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ बंद करा. ते चालू असेल तर शेवटचा वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होतो. एकदा लेसरवर पत्र छापलं की पुढची पट्टी डॉट मॅट्रिक्सऐवजी लेसरवर निघते. रांगेत एखादा कागद ‘डिलीटिंग’वर अडकून बसला तर सर्व्हिसेसमधून ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा, विंडोज फोल्डरातल्या सिस्टिम३२ मध्ये स्पूल आणि त्यातल्या प्रिंटर्स फोल्डरमधलं सगळं पुसा, स्पूलर पुन्हा चालू करा. फोल्डर पुसायचा नाही, आतल्या फाइली पुसायच्या.

मॅक आणि लिनक्स

हे दोघे आतून एकाच कुळीचे, दोन्हींची छपाई कप्स नावाचा प्रोग्राम सांभाळतो. मॅकवर ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये ‘अ‍ॅड’ करताना यादीतून न निवडता ‘आयपी’चा टॅब घ्या, तोच पत्ता टाका, प्रोटोकॉल ‘आयपीपी’ किंवा ‘एअरप्रिंट’. प्रिंटर जुना असेल तर ‘जेटडायरेक्ट’. उबुंटूवरही आयपीपीच, एअरप्रिंट चालणाऱ्या प्रिंटरला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. कंपनीच्या साइटवरून लिनक्सचा ड्रायव्हर शोधत बसण्याआधी हे करून बघा.

या दोघांची एक सवय विंडोजवाल्यांना माहीत नसते. प्रिंटर एकदा सापडला नाही की रांग ‘पॉज’ होऊन राहू शकते. प्रिंटर परत आला तरी ती आपोआप सुरू होत नाही, नवे कागद मागे साठत जातात. मॅकवर रांग उघडून ‘रिझ्यूम’ दाबा. लिनक्सवर प्रिंटरच्या गुणधर्मांत ‘एरर पॉलिसी’ बघा. ‘स्टॉप प्रिंटर’ असेल तर ‘रीट्राय जॉब’ करा.

तिसरी गोष्ट कागदाची, आणि ती सगळ्या ऑफिसला अडवते. मॅक किंवा लिनक्सवर कागदाचं माप ‘लेटर’ राहिलेलं असेल, तर त्यावरून गेलेला एक कागद प्रिंटरला थांबवतो. तो लेटर मापाचा कागद मागत दिवा लुकलुकवत बसतो, मागे चार जणांचे कागद उभे, आणि सगळ्यांना वाटतं प्रिंटर ऑफलाइन. लेटर ८.५ बाय ११ इंच, ए४ त्याहून थोडा अरुंद आणि लांब. आपल्या ट्रेमध्ये ए४ च. मॅकवर ‘डिफॉल्ट पेपर साइज’ ए४ करा, लिनक्सवर त्या प्रिंटरच्या पर्यायांत करा, आणि प्रिंटरच्या मेन्यूत लेटर आला तरी ए४ वर छापायची सोय असेल तर ती चालू करा.

यूएसबीवरचा डॉट मॅट्रिक्स

लेसरचं सूत्र एकच: प्रत्येक कॉम्प्युटरने प्रिंटरशी थेट बोलायचं, मध्ये दुसरा कॉम्प्युटर नको. लेसर नेटवर्कवर असूनही काउंटरच्या विंडोजवरून शेअर केलेला असेल तर ते शेअरिंग आजच काढा. यूएसबीवरच्या डॉट मॅट्रिक्सला मात्र मधला कॉम्प्युटर लागतोच, आणि खरी कटकट इथेच आहे.

काउंटरच्या मशीनवर नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा, ‘पब्लिक’ असलं की फायरवॉल शेअरिंग अडवतो. ‘स्लीप’ नेव्हर करा. कॉम्प्युटरचं आणि शेअरचं नाव इंग्रजीत, छोटं, मध्ये जागा न सोडता. कॉम्प्युटरचं नाव १५ अक्षरांच्या आत.

पासवर्डशिवाय शेअरिंगची जुनी पद्धत आता चालत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ पासून, म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरपासून, प्रो आवृत्तीत एसएमबी साइनिंग, म्हणजे शेअरिंगच्या प्रत्येक निरोपावर सही, सक्तीचं झालंय, आणि बिनपासवर्डचा पाहुणा सही करू शकत नाही. म्हणून ‘काल चालत होतं, अपडेट आल्यावर बंद पडलं’. ही सुरक्षा बंद करू नका. काउंटरच्या मशीनवर छपाईपुरता एक साधा लोकल युजर बनवा, त्याला पासवर्ड द्या, आणि बाकीच्या विंडोजवर ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये तो नोंदवा. मॅकने विचारलं तरी हाच. लॉगिनचा चार आकडी पिन नेटवर्कवर चालत नाही. मॅकवर वारंवार ‘पासवर्ड चुकीचा’ येण्याचं हे नेहमीचं कारण.

शेअर केलेला प्रिंटर जोडताना एररच्या नंबरशेवटी ११बी दिसलं तर ते सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा अपडेटपासूनचं दुखणं आहे: दोन मशीनपैकी एक अपडेट झालेलं, दुसरं नाही. दोन्ही अपडेट करा. एक मशीन विंडोज ७ असल्यामुळे ते शक्य नसेल, तर रजिस्ट्रीत सुरक्षा उतरवण्यापेक्षा हा मार्ग घ्या. मालकांच्या लॅपटॉपवर त्या डॉट मॅट्रिक्सचा ड्रायव्हर टाका, प्रिंटर ‘लोकल’ म्हणून जोडा, नवा पोर्ट ‘लोकल पोर्ट’ निवडा आणि पोर्टच्या नावाच्या जागी दोन उलट्या तिरक्या रेषा, काउंटरच्या कॉम्प्युटरचं नाव, एक उलटी तिरकी रेष, शेअरचं नाव असं लिहा. शेवटी ७०९ असलेला एररही पुष्कळदा याने जातो.

डॉट मॅट्रिक्सवर पानं हळूहळू वर सरकत असतील तर तो नेटवर्कचा दोष नाही. सलग कागद १० बाय १२ इंचाचा, आणि ड्रायव्हरमध्ये ए४, म्हणजे ११.६९ इंच. दर पानाला ०.३१ इंच कमी सरकतो. पहिली पट्टी बरोबर, दहावीपर्यंत तीन इंच फरक, आणि पेढीचं नाव आदल्या पट्टीच्या तळाशी. काउंटरच्याच मशीनवर ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’मध्ये नवा फॉर्म बनवा, रुंदी १०, उंची १२, अर्ध्या पट्टीला ६, आणि प्रिंटरच्या पर्यायांत तोच निवडा. लॅपटॉपवर ड्रायव्हर वेगळा टाकला असेल तर तिथेही हाच फॉर्म बनवावा लागतो, हे बऱ्याचदा राहून जातं.

मराठी अक्षरं चौकोनी किंवा भलतीच येतात

प्रिंट निघते, पण मजकूर वाचता येत नाही. जुनी पत्रं युनिकोडपूर्व, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या, फॉन्टमध्ये असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या मॅकवर ती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसतात. युनिकोडमध्ये असली तरी विंडोजवरचा मंगल किंवा निर्मला लिनक्सवर नसतो, तिथे लोहित किंवा नोटो येतो आणि ओळी तुटतात. ज्या मशीनवर पत्र लिहिलं तिथेच फॉन्टसकट पीडीएफ करा आणि पुढे पीडीएफच पाठवा. स्क्रीनवर बरोबर आणि कागदावरच जोडाक्षरं फुटत असतील, तर ड्रायव्हर प्रिंटरमधला फॉन्ट वापरतोय. पीडीएफ छापताना ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’वर टिक करा. छपाई थोडी हळू होते, पण ‘श्री’ आणि ‘ज्ञ’ जसे लिहिले तसे उमटतात.